झाडणारीची सुपारी

टोपली उलटी पडलेली दिसली तेव्हा चंदाबाईने आधी वर पाहिलं. चौलच्या वाडीत सांडलवंड दिसली की माणूस वरच बघतो; वांदर आलं असणार. पोफळींच्या शेंड्यांत काही हललं नाही. तिने कोयता भिंतीला टेकवला, विखुरलेली सुपारी पायानेच गोळा करून टोपलीत सारली आणि पाहुण्यांचा चहा ठेवायला आत गेली. सुपारी कमी झाली आहे का, हे बघायचं तिच्या मनात आलं नाही. कुत्र्याचं तर मुळीच आलं नाही. अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात तिने एकही कुत्रं सुपारी खाताना पाहिलं नव्हतं. गावातलं कुत्रं पोफळ हुंगतं आणि पुढे जातं.

पण नाचणी गावातली नव्हती. नाचणी म्हणजे चार वर्षांची, तीस किलोंची, भाकरीच्या रंगाची लॅब्रेडोर कुत्री. मृणाली आणि दिपेश या पुण्याच्या नवराबायकोबरोबर तीन दिवसांच्या मुक्कामाला आलेली. नाव ऐकून चंदाबाईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "आन मांजर पाळलं असतं तं वरी ठेवलं असतं का नाव?" मृणाली खूप हसली होती आणि तेव्हापासून तिला मावशी म्हणू लागली होती.

घर दीडशे वर्षांचं. जांभ्या दगडाचा चौथरा, सागवानी खांब, पुढे लांबलचक ओटी, मागे पडवी, आणि भोवती नारळी-पोफळीची दोन एकर वाडी. बागायतदारांच्या पिढ्या त्यात नांदल्या, शेवटची परदेशी गेली. दोन हजार वीसच्या वादळात अर्धी वाडी आडवी झाली, कौलं उडाली, आणि मग मुंबईच्या एका वास्तुरचनाकाराने ते विकत घेतलं. दोन वर्षं खपून त्याने भिंती चुन्यात लिंपल्या, खांब घासून काढले, आणि सुट्टीत कुत्र्याला कुठे ठेवायचं या पंचाईतीत पडलेल्या लोकांसाठी घर उघडं केलं. अशी माणसं किती आहेत ते चौलकरांना तेव्हा कळलं. शुक्रवार ते रविवार एक खोली रिकामी राहत नसे.

चंदाबाई या वाडीत लग्न होऊन आली तेव्हापासून होती. नवरा धर्माजी पोफळीवर चढायचा. एका झाडावरून खाली न उतरता झोका घेऊन दुसऱ्यावर जाणारा तो शेवटचा. वादळाच्या दुसऱ्या वर्षी वारला. सासू कृष्णाबाई चाळीस वर्षं मागच्या पडवीबाहेर बसून या घराची सुपारी सोलत होती. छप्पन्ननंतर सासऱ्याने घरातले देव खाडीत सोडले आणि बुद्धाची तसबीर लावली, तरी बागायतदारांच्या या घरात कृष्णाबाईच्या ओंजळीत पाणी वरूनच ओतलं जायचं. ते थांबायला फार वर्षं लागली. ओटीवर तर ती कधी चढलीच नाही. आता त्याच घराच्या सात खोल्यांच्या चाव्या चंदाबाईच्या कमरेला होत्या. माजघरात कुत्र्यांच्या गाद्या घालताना तिच्या मनात काय येतं हे ती कोणाला सांगत नसे. काहीच येत नसे असं मात्र नाही.

या चाव्यांचं तिला अप्रूप होतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. बाजारात जातानाही ती जुडगा काढून ठेवत नसे. धम्मदीप, तिचा मुलगा, उरणला कंटेनरच्या गाडीवर होता, तो म्हणायचा, "आये, इकडं ये, बस आरामात." ती जायची नाही. आराम तिला नको होता, चाव्या हव्या होत्या.

काम तिने चोख ठेवलं होतं. स्वयंपाकघराच्या भिंतीवर मालकांनी प्लॅस्टिकमध्ये मढवलेला एक कागद लावला होता: कुत्र्यांना घातक एकवीस वस्तू. चॉकलेट, द्राक्षं, बेदाणे, कांदा, कोंबडीची हाडं, उंदरांचं औषध. चौथी शिकलेल्या चंदाबाईने तो पाठ केला होता आणि पाहुणे आले की कोपऱ्यान् कोपरा तपासायची. कागदात सुपारी नव्हती. ज्याने कोणी तो कागद बनवला त्याच्या दारात पोफळी नसणार.

आणि सुपारी ही तिची एकच भानगड होती. वाडीचा जुना रिवाज असा, की झाडावरची सुपारी मालकाची आणि आपोआप गळून पडलेली वाडी झाडणारीची. कृष्णाबाईच्या आधीपासूनचा. तो कुठे लिहिलेला नव्हता. नव्या मालकांनी मात्र सगळ्यांच्या सह्या घेतल्या होत्या: वाडीतलं सर्व उत्पन्न मालकाचं, परस्पर नेल्यास कामावरून कमी. गेल्या साली गोणभर नारळ नेले म्हणून माळ्याला त्यांनी एक शब्द न वाढवता घरी पाठवलं. चंदाबाईनेही सही केली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून पूर्वीसारखीच पडलेली सुपारी वेचत होती. भिजून मऊ पडलेली असेल ती कोयत्याने फोडायची, गर टोपलीत वाळत टाकायची. टोपली पंपाच्या खोलीमागे. ही चोरी नाही तर मग पंपाच्या खोलीमागे कशाला, हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

चहाचा ट्रे घेऊन ती ओटीवर आली तेव्हा नाचणी खांबाला अंग टेकून उभी होती. तोंडातून लाळेची तार जमिनीपर्यंत लोंबत होती. मागचे पाय थरथरत होते. ती दोन पावलं चालली, बसली, पुन्हा उठली आणि ओकली.

"दिपेश," मृणाली म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण दिपेश आतून धावत आला.

"काय खाल्लं तिने? मावशी, काय दिलंत तिला?"

"मी काय न्हाय दिलं, ताई. दुपारचा भात तुम्हीच घातला."

घराची व्यवस्था बघणारी कल्पिता, अलिबागची पंचविशीतली मुलगी, वही टाकून आली. तिने प्राण्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर अलिबागला. "ताबडतोब घेऊन या, आणि काय खाल्लं ते शोधा. ते कळल्याशिवाय मी अंधारात."

दिपेशला शोधावं लागलं नाही. त्याने कुंपणाकडे पाहिलं. पलीकडे चांगदेवची वाडी. आदल्या दिवशी नाचणीने कुंपणातून घुसून त्याची एक तलंग, म्हणजे अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, मारली होती, आणि चांगदेव कुंपणाशी येऊन सगळ्यांदेखत म्हणाला होता, "पुन्हा आली तं मी बघून घेईन."

"त्यानेच," दिपेश म्हणाला आणि कुंपण ओलांडून गेला.

चांगदेव नारळ सोलत होता. सत्तरीचा, आगरी, बोलायला तिखट; धर्माजीचा जन्माचा सोबती. दोघांनी मिळून दोन्ही वाड्यांच्या पोफळी उतरवल्या होत्या. धर्माजी गेला त्या दिवसापासून त्याने चंदाबाईच्या घरी लाकूडफाटा, कौलं, काही कमी पडू दिलं नव्हतं, आणि तिला वैनीखेरीज दुसऱ्या नावाने हाक मारली नव्हती.

दिपेश त्याच्या खोपटात शिरला आणि फाडलेलं पिवळं पाकीट घेऊन बाहेर आला. उंदरांचं औषध.

"हे काय आहे?"

"उंदराचं औषद. वर नारळीच्या शेंड्यात ठेवायचं हाय. उंदीर वर रहातात."

"आणि कुत्री खाली राहतात. कोणाला फसवता?"

"अरे बाबा, खाली कोण ठेवील? माझ्या कोंबड्या फिरतात खाली." चांगदेवने कुंपणाअलीकडे पाहिलं. "वैनी, सांग ना यांना."

चंदाबाई तेव्हा ओटीवर वाकून ओकारी पुसत होती. फडक्यात तिला भाताच्या शितांमध्ये नारिंगी तंतू दिसले. केसांसारखे, राठ. पोफळीच्या सालाचे. आणि त्यांत पांढरट तपकिरी रेषांचा एक चावलेला तुकडा. तिला उलटी टोपली आठवली. सांडलेलं सगळं आत सारल्यावरही टोपली अर्धीच भरली होती. सकाळी ती काठोकाठ होती.

तिने फडकं मिटलं.

"वैनी," चांगदेव पुन्हा म्हणाला.

चंदाबाईने मान वर केली नाही. "आधी कुत्रीला न्या," ती म्हणाली. "बोलणं मागाहून."

त्या वेळी तिच्या तोंडून एवढंच निघालं, आणि हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण चांगदेवने ते लक्षात ठेवलं.

दिपेश हटायला तयार नव्हता. पोलीस येईपर्यंत म्हाताऱ्याला मी सोडणार नाही म्हणाला. फोन समोर धरून चांगदेवचं चित्रण करत उभा राहिला. गाडी मृणाली चालवणार, मग मागे कुत्रीला धरायला कोणी हवं. "मी धरते," चंदाबाई म्हणाली. कल्पिता मालकांना फोन लावत होती. पिवळं पाकीट मृणालीने पुढे काचेपाशी ठेवलं.

चौल ते अलिबाग एरवी अर्ध्या तासाची वाट. शनिवारी दुपारी मात्र सगळी मुंबई नागावच्या अरुंद रस्त्यावर उतरलेली. नाचणीचं डोकं चंदाबाईच्या मांडीवर होतं. लुगडं लाळेने भिजून मांडीला चिकटलं. पोट आखडत होतं, सुटत होतं. छातीवर हात ठेवला तर ठोके कधी भराभर, कधी मध्येच गहाळ.

सुपारी लागते म्हणजे काय हे चंदाबाईला कोणी सांगायला नको होतं. लग्नानंतरच्या पहिल्या हंगामात तिने सासूच्या नकळत ओल्या सुपारीचं खांड तोंडात टाकलं होतं. कानशिलं पेटली, घामाने अंग थबथबलं, तोंडातून धार लागली, वाडी गरागरा फिरली. कृष्णाबाईने तिच्या जिभेवर मीठ ठेवलं, गार पाणी पाजलं आणि कानाखाली दिली. माणसाचं मिठावर भागतं. तीस किलोंच्या या जनावराने किती गिळलं असेल? दहा? पंधरा?

आत्ता सांगावं तर चाव्या गेल्या. माळी नारळांवर गेला, ती सुपारीवर जाईल. आणि मालकांचे कुत्री पाळणारे पाहुणे विष घालणारी बाई म्हणून तिचं नाव घेतील. न सांगावं तर? डॉक्टर शहाणे आहेत. बघताच कळेल त्यांना. न कळेल का? तिने स्वतःला असं बरंच समजावलं. नागावच्या बाजारात गाडी थांबली ती थांबलीच. पुढे एक बस वळत होती, तिच्यापुढे नारळपाण्याची गाडी.

मृणालीचा फोन वाजला. डॉक्टर होते, आवाज गाडीभर.

"पाकीट आणताय ना? वर नाव काय लिहिलंय ते वाचा. मी त्याचीच तयारी करून ठेवतो, आल्याबरोबर वेळ जायला नको."

मृणालीने पाकीट उचललं. एक डोळा पुढच्या बसवर, त्यामुळे तिला अक्षरं लागेनात. "एक मिनिट, डॉक्टर… मावशी, तुम्ही वाचता का जरा?"

पाकीट मागे आलं. चंदाबाईने ते हातात घेतलं. नाव तिला वाचता आलं, कागदावरच्या एकवीस वस्तूंत तेच नाव होतं. नाचणीने डोळे उघडले. डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या होत्या.

"हे न्हाय," चंदाबाई म्हणाली.

"काय?"

"हे न्हाय खाल्लं तिनं. सुपारी खाल्ली. ओली सुपारी, फोडलेली. माझी होती."

मृणालीने आरशातून पाहिलं. मागून कोणीतरी हॉर्न दाबून धरला.

"डॉक्टरसाहेब, ऐकताय ना?" चंदाबाई फोनच्या दिशेने जोरात बोलली, जसं दूरच्या वाडीत हाक मारावी. "रोठा सुपारी. गर मऊ असतो आतला. ओकारीत साल हाय, मी डोळ्यानं बघितलं. अर्धी टोपली गेली, पण सगळी तिनं खाल्ली का सांडली ते सांगता न्हाय येत. लाळ लई, पोट आवळतंय, डोळ्याच्या बाव्हल्या बारीक."

डॉक्टरांनी लगेच विचारलं, "कधी?"

"अडीच ते तीनमधी."

"उंदरांचं औषध नक्की नाही?"

"नक्की न्हाय."

"बरं झालं सांगितलंत. सुई वेगळी. डोकं खाली धरा, लाळ बाहेर वाहू द्या, तोंडात काही घालू नका. मीठसुद्धा नाही."

फोन बंद झाला. खिडकी खाली करून मृणालीने बसवाल्याला अशी काही शिवी दिली की तो बाजूला झाला. आक्षीचा पूल येईपर्यंत गाडीत फक्त कुत्रीच्या घशाची घरघर होती. पुलावर मृणाली म्हणाली, "ओटीवर असतानाच माहीत होतं तुम्हाला?"

"व्हय."

"आणि गप्प बसलात."

"व्हय."

तिसरा प्रश्न तिने विचारला नाही. विचारला असता तर चंदाबाईकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी सुई दारातच, गाडीतच टोचली. मग आत टेबलावर नळी, बाटली, दुसरी सुई. चंदाबाई बाहेर बाकावर बसली आणि तिने कल्पिताला फोन लावला. हे गाडीतल्यापेक्षा अवघड गेलं. गाडीत कुत्री मरत होती. इथे नुसतं बोलायचं होतं.

"चांगदेव भावजी कुठं हायत?"

"ओटीच्या पायरीवर बसवलंय. दिपेश सर सोडत नाहीयेत. मावशी, मुंबईच्या सरांना पण कळवलंय मी, ते म्हणाले तक्रार करा."

"त्यांना घरी जाऊ दे. सुपारी खाल्लीय कुत्रीनं. पंपाच्या खोलीमागली. ती माझी."

कल्पिताने विचारलं, "मावशी, सरांना काय सांगू मी?"

"झालं तेच सांग. आन मी येईपर्यंत थांबू नको, भावजींना आत्ताच्या आत्ता सांग. दिपेशसायबांच्या फोनमधी पण सांग, ज्याच्यात भावजींचं तोंड घेतलंय त्याच्यात."

सहा वाजता नाचणीने स्वतःहून पाणी चाटलं. मृणाली टेबलाला डोकं टेकून रडली, मग नाक पुसून बाहेर आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. डॉक्टर हात पुसत आले. "पूर्वी कुत्र्यांचे जंत पाडायला सुपारीचाच अर्क द्यायचे," ते म्हणाले. "थेंबांच्या हिशेबात. हिने जेवण केलं. जंत काही उरले नसतील आता." कोणी हसलं नाही. "ते पिवळं पाकीट धरून बसलो असतो तर तासभर चुकीच्या वाटेने गेलो असतो. तेवढा वेळ तिच्याकडे नव्हता."

घरी परतल्यावर चंदाबाईने कमरेचा जुडगा सोडला आणि कल्पिताच्या टेबलावर ठेवला. कल्पिताने त्याला हात लावला नाही. "सर उद्या येतायत," एवढंच म्हणाली.

मालक रविवारी सकाळच्या बोटीने आले. माणूस वाईट नव्हता, पण रागावला की आवाज खाली आणायचा, आणि त्या दिवशी आवाज इतका खाली होता की ऐकायला कान द्यावा लागत होता. ते चंदाबाईला घेऊन वाडीत गेले. चुळबुळत्या पाहुण्यांपासून लांब.

"सही केली होती तुम्ही."

"केली होती."

"मग?"

"तुमच्या आधी माझी सासू झाडायची, तिच्या आधी तिची. पडलेली झाडणारीची. तुम्ही घर जसं होतं तसं उभं केलं म्हणता. हे बी तवाचंच हाय. तुमाला कोणी सांगितलं नसंल."

"चोरून ठेवली होती."

"ती चूक माझी," चंदाबाई म्हणाली. "तिथं ठेवली, तुमाला इचारलं न्हाय, आन काल गप बसले. तिन्ही माझ्या. घालवायचं तं घालवा."

मालकांनी पायाखाली पाहिलं. त्यांच्या बुटाशी दोन पिकली पोफळं पडली होती. थोडं पुढे तीन. कालपासून वाडी झाडली नव्हती. पुढच्या शुक्रवारी चार कुत्री यायची होती, त्यांतली दोन लॅब्रेडोर. कल्पिताने त्यांना ते आल्याआल्या सांगितलं होतं. ते वाकून पोफळं उचलू लागले. पाच-सहा झाल्यावर हातात मावेनात. वर बघावं तर दीडशे पोफळी, प्रत्येकीला घोस.

"दिवसातून किती पडतात?"

"वारा असला तं टोपलीभर. सकाळी झाडायचं, दुपारी झाडायचं, कुत्री सोडायच्या आधी पुन्हा. कोण झाडणार तेवढं बघा. मी झाडली तं पडलेली माझी, आन टोपली माझ्या घरी जाईल, इथं एक खांड राहायचं न्हाय. दुसरं कोणी ठेवा, तुमच्या कागदावर सही करील. पण तो तीनदा वाकायचा न्हाय, सायेब. फुकट कोण वाकतो?"

मालकांनी हातातली पोफळं चंदाबाईच्या ओंजळीत टाकली. वरून. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण त्यांना काही ठाऊकच नव्हतं. चंदाबाईच्या मात्र ते लक्षात आलं. तिने ओंजळ मिटली आणि पोफळं ओच्यात टाकली.

"चाव्या कल्पिताकडून घ्या," ते म्हणाले. "आणि पुन्हा माझ्या पाहुण्यांशी गप्प बसलात, तर मग रिवाज सांगू नका मला."

दुपारी तिने स्वयंपाकघरातल्या कागदावर बाविसावी वस्तू लिहायला घेतली. प्लॅस्टिकवर पेन उमटेना. शेवटी कल्पिताने जाड शाईचं पेन आणून दिलं आणि चंदाबाईने चौथीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: सुपारी, ओली. मृणाली निघताना ते वाचून गेली. नाचणी तिच्या पायाशी हळूहळू चालत होती. मृणालीने नमस्कार केला, मिठी मारली नाही. आणि ते बरोबरच होतं. दिपेश गाडीत बसून राहिला. कुंपणापलीकडे जायचं त्याला सुचलं नाही.

मग चंदाबाई गेली. एक कोंबडी पदराखाली, आपल्या घरची, काळी, अंड्यावर आलेली. चांगदेव आदल्या दिवशीच्याच जागी नारळ सोलत होता.

"भावजी, तुमची तलंग गेली म्हणून आणली."

त्याने नारळ पहारीवर आपटला, साल ओढलं. "तलंग कुत्रीनं मारली. तिचं मला काय न्हाय."

"मी बोलले ना मागाहून. डॉक्टरला सांगितलं, कल्पिताला सांगितलं, मालकाला सांगितलं."

"सगळ्यांना सांगितलं," चांगदेव म्हणाला. "मी दोनदा हाक मारली तवा मी दहा हातांवर होतो."

चंदाबाई उभी राहिली. कोंबडी पदरात फडफडत होती. चांगदेवने दुसरा नारळ घेतला, तिसरा घेतला. शेवटी त्याने खोपटाच्या बाजूला, रिकाम्या खुराड्याकडे बोट दाखवलं.

"तिथं ठेव कोंबडी," तो म्हणाला. "आन अंधार व्हायच्या आत जा, चंदाबाई. तुला वाडी झाडायची असंल."